ओळंब्याचे कान

“आज काय म्हणत होते लोक?”

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसलं की ओळंबा हा प्रश्न विचारायचा. बूट दाराबाहेर, झेंडा खुंटीला, गुडघ्यांना मलम चोळून झालेलं, आणि मग पहिला घास तोंडात घालायच्या आधी हा प्रश्न.

“म्हणत होते, माणूस डोळ्यांत तेल घालून उभा असतो,” बायको वाढता वाढता म्हणाली.

“कोण म्हणत होतं?”

“शिंपी. माझ्या मागच्याच बाकावर होता.”

“शिंप्याला कळतं,” ओळंबा समाधानाने म्हणाला. “कापडावर बसलेली नजर आहे ती. सरळ काय नि तिरकं काय, त्याला बरोबर दिसतं.”

खरं म्हणजे शिंपी त्या दुपारी बाकावर चढून जे बोलला होता, ते जेवणाच्या ताटासमोर सांगण्यासारखं नव्हतं. त्यातला सगळ्यांत सभ्य भाग एवढाच होता, की या माणसाने डोळ्यांत डांबर घातलंय. बायकोने डांबराचं तेल केलं. नवरा झेंडा घेऊन मैदानात उतरायला लागला तेव्हापासून ती दर सामन्याला हे असं शुद्धीकरण करत आली होती, आणि आता त्यात तिचा हात चांगलाच बसला होता.

ओळंबा पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. छपरांच्या पन्हळी, धुराडी, बादल्या, नळकांडी. तरुणपणापासून पत्रा ठोकून ठोकून त्याच्या कानांनी हळूहळू काम सोडलं. डावा आधी गेला, मग उजवा त्याच्या मागून निघाला. समोर उभं राहून, त्याच्याकडे तोंड करून कोणी बोललं तर त्याला कळायचं. पाठीमागून बोललेलं मात्र पाठीमागेच राहायचं. आणि फुटबॉलच्या लाइन्समनचं सगळं जग त्याच्या पाठीमागेच बसलेलं असतं. तो मैदानाकडे तोंड करून कडेच्या रेषेवरून धावतो. चेंडू बाहेर गेला की झेंडा वर करतो, कोणी ऑफसाइड असला की झेंडा वर करतो. स्टँडमधली माणसं त्याच्यापासून हातभर अंतरावर असतात, पण त्याला दिसत नाहीत. ओळंब्याला तर ती ऐकूही येत नव्हती. शेजारच्या खोलीत पाणी तापत ठेवावं तसा एक उबदार गुणगुणाट तेवढा त्याला जाणवायचा. त्याला तो आवडायचा. मध्यंतरात तो मागे वळून स्टँडला हात करायचा. समोर माणसं दोन्ही हात वर करून, तोंडं उघडून उभी असायची. किती उत्साह आहे लोकांना, असं त्याला वाटायचं.

आता या उत्साहाचं कारण सांगायला हवं.

त्या लीगमधले खेळाडू पगारी होते, मैदानं मोठी होती, पण एक जुनी रीत अजून टिकून होती. शिट्टीवाला पंच तिसऱ्याच गावाहून यायचा. दोन लाइन्समनपैकी मात्र एक यजमान गावचा असायचा आणि दुसरा पाहुण्यांच्या गावचा. नियमात दोघेही तटस्थ. पण नियम नियमाच्या जागी. प्रत्येक गाव धरूनच चालायचं की आपला लाइन्समन आपल्याकडे जरासा कलणार, त्यांचा त्यांच्याकडे कलणार, आणि मग फिटंफाट होणार. याला कोणी लबाडी म्हणत नसे. आपल्या पोराच्या ताटात आईचा हात थोडा सैल पडतो, तितकंच ते समजलं जाई.

इतर गावांचे लाइन्समन कलायचे. हा कलायचा नाही. भिंत सरळ उभी राहतेय का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. भिंत कोणाची आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. गावाने वैतागून हे नाव ठेवलं आणि याने ते बक्षीस मिळाल्यासारखं घेतलं. दर हंगामात आपले चार गुण या माणसाच्या झेंड्याने जातात, असा न्हाव्याच्या दुकानात पक्का हिशोब होता. क्लबच्या चिटणीसांनी दुसरा लाइन्समन शोधायचा प्रयत्न करून पाहिला. पण परीक्षा पास झालेला, आणि दर रविवारी शिव्या खात पळायला तयार असलेला दुसरा माणूस गावात निघाला नाही.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये हत्ती आला.

ओळंब्याची लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. तिची मुलगी, म्हणजे त्याची नात, नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिला आजोबांच्या मांडीवर बसून कानात गुपितं सांगायची सवय होती. आजोबा प्रत्येक गुपिताला गंभीरपणे मान हलवून “हो हो” म्हणायचे, म्हणून ती खूश असायची. एक दिवस लेकीला शाळेतून बाईंचा निरोप आला. मुलीने वर्गात जाहीर केलं होतं की आजोबा मला हत्ती आणून देणार आहेत, आणि घरात जागा नसल्यामुळे तो शाळेच्या मैदानात बांधायची परवानगीही तिने रीतसर मागितली होती.

“बाबा, आता पुरे झालं,” लेक येऊन म्हणाली. “कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय आपण.”

“कशाला उगीच?” बायको लगबगीने मध्ये पडली. “त्यांना हवं ते ऐकू येतं.”

“आई, त्यांनी हत्ती कबूल केलाय.”

“मग देतील.”

लेकीला आईचा हा विरोध कळेना. नवऱ्याला ऐकू यावं असं कोणत्या बाईला वाटत नाही?  बायको मनातल्या मनात हंगामातले उरलेले सामने मोजत होती. दोनच राहिले होते. वयाच्या नियमाप्रमाणे त्यानंतर नवऱ्याचा झेंडा कायमचा खुंटीला लागणार होता. दोन सामने निभावले असते तर ते सगळं तेल तेलच राहिलं असतं.

पण लेक हट्टी होती. डॉक्टरांनी कानामागे वालाच्या दाण्याएवढं मशीन बसवलं, आणि ओळंब्याला पहिल्यांदा काय ऐकू आलं, तर डॉक्टरांच्या पोटात होणारी गुरगुर. “तुम्ही जेवला नाहीत वाटतं,” तो म्हणाला. डॉक्टर लाजले. परत येताना बुटांची करकर ऐकत तो मुद्दाम हळू चालला. घरी नळ ठिबकत होता, त्याचा वॉशर त्याने लगेच बदलला. संध्याकाळी बायको केर काढत होती. तो दारात जाऊन उभा राहिला.

“तू गाणं गुणगुणतेस?”

“हो.”

“परत कधी सुरू केलंस?”

“थांबले कधी होते?” बायको म्हणाली आणि केरसुणी तशीच धरून उभी राहिली. मग तिने ते गाणं पहिल्यापासून पुन्हा गुणगुणलं, आणि त्याने ते उंबरठ्यावर बसून पूर्ण ऐकलं.

नात आली, मांडीवर चढली आणि कानात म्हणाली, “हत्ती कधी?”

“सोंडेचं काम सुरू केलंय,” तो म्हणाला. त्याच दुपारी वर्कशॉपमध्ये त्याने पन्हळीचा एक जुना तुकडा बाजूला काढून ठेवला होता.

रविवारी बायकोने एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. “घाम लागेल त्याला. काढून ठेवा की घरी.”

“घामाने काही होत नाही, डॉक्टर म्हणालेत.” बुटाची नाडी बांधताना तो हसत होता. “आज तुला विचारायचं काम नाही. आज लोक काय म्हणतात ते मीच ऐकून येतो.”

त्याने ऐकलं. मैदानावर पाऊल ठेवून रेषेवर पोचेपर्यंत तो गुणगुणाट फुटला आणि त्यातून शब्द बाहेर पडले. “आला बघा घरचा भेदी.” “ए ओळंब्या, डोळ्यांवर पत्रा ठोकून आलास काय?” त्याने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, आपल्या मागे आणखी कोणीतरी उभं असेल. कोणी नव्हतं. सगळी तोंडं त्याच्याकडेच होती. शिंपी होता, न्हावी होता, रोज सकाळी ‘काय, बरं आहे ना?’ विचारणारा दूधवाला होता. पूर्वी याच तोंडांना त्याने कौतुकाने हात केला होता.

सामना सुरू झाला तसं ते सगळं एकत्र होऊन एकच मोठा आवाज झाला. भट्टीचं दार उघडल्यावर पाठीला धग लागते तसा तो लागत होता. उत्तरार्धात पाहुण्यांचा एक कोवळा खेळाडू चेंडू घेऊन सुटला. पास निघाला तेव्हा तो गावाच्या शेवटच्या बचावपटूच्या अगदी बरोबरीत होता, एक बोटभरही पुढे नव्हता. ओळंब्याला हे इतकं स्वच्छ दिसलं, की मोजपट्टी लावून दाखवता आलं असतं. चेंडू जाळ्यात गेला. त्याच क्षणी मागून अख्खं गाव “ऑफसाइड” म्हणून ओरडलं, आणि ओळंब्याचा हात वर गेला. हातात झेंडा होता.

पंचाने गोल रद्द केला. गाव एका गोलने जिंकलं.

सामना संपल्यावर लोक रेषेवर उतरले. शिंप्याने पाठीवर थाप मारली. न्हाव्याने उद्या दाढीला यायचं आमंत्रण दिलं. चिटणीस हात हातात घेऊन म्हणाले, “आलात बुवा एकदाचे माणसांत.” आणि टाळ्या वाजत होत्या. टाळ्यांचा आवाज इतका गोड असतो हे ओळंबा विसरूनच गेला होता. ते त्याला आवडलं, हेच त्याला नंतर सगळ्यांत जास्त टोचलं.

गर्दी ओसरल्यावर तो कोवळा खेळाडू एकटाच त्याच्यापाशी आला. रागावलेला दिसत नव्हता. “काका,” त्याने विचारलं, “खरंच पुढे होतो का मी? नाही, म्हणजे पुढच्या वेळी सांभाळीन.”

ओळंब्याने कानाला हात लावला, मान हलवली आणि निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बहिऱ्याचं सोंग केलं.

त्या संध्याकाळी ताट समोर आलं तरी तो काही विचारेना. बायकोने बराच वेळ वाट पाहिली.

“आज म्हणत होते...” तिने सुरुवात केली.

“ऐकलं मी,” तो म्हणाला.

तिने डाळ वाढायला पळी उचलली.

“झेंडा मी नाही वर केला,” तो म्हणाला.

“मग कोणी?”

“त्यांनी. मला दिसत होतं गं, पोरगा बरोबरीत होता. पण पाठीमागून एवढं काही आलं की हात गेलाच. कोणी कोपराला धरून उचलावा तसा.”

“मग पुढच्या रविवारी काढून ठेवा ते मशीन. शेवटचाच तर सामना आहे.”

“काढून ठेवलं तर मला कधीच कळायचं नाही.”

“काय?”

“की इतकी वर्षं मी सरळ होतो, का नुसता बहिरा होतो.”

बायकोने पळी खाली ठेवली. या माणसाला डाळीत मीठ नसलेलं चालतं, गुडघे दुखलेले चालतात, पण हे चालायचं नाही, हे तिला समजलं. मग तिने पदराला हात पुसले आणि समोर बसून म्हणाली, “ते तेलाचं खरं नव्हतं.”

“कसलं तेल?”

“डोळ्यांत तेल. शिंपी डांबर म्हणाला होता.”

ओळंबा तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. बायको घाबरली, पण तो हसत होता. “डांबर,” तो म्हणाला. “शिंप्याला सुचलं हे? बरं आहे की.” हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायला, आणि पुन्हा म्हणाला, “डांबर.”

मग बायकोने सगळंच सांगायला सुरुवात केली. न्हावी काय म्हणायचा, दूधवाला काय म्हणायचा, चिटणीस सभ्य माणूस म्हणून फक्त नियमांची कलमं ओरडायचे, तीही चुकीची. सांगताना तिला त्या प्रत्येकाचा आवाज आपोआप काढता येत होता.

“आणि तू काय करायचीस मध्ये बसून?”

बायको ताटाकडे बघायला लागली. “सगळे ओरडत असताना एकच बाई गप्प बसली तर लगेच कळतं, की ही लाइन्समनची बायको.”

“म्हणजे तूपण?”

“थोडंसं.”

“काय ओरडायचीस?”

“काही नाही हो. ‘अहो, बघा जरा नीट.’ एवढंच.”

“‘अहो’ म्हणून शिव्या घालायचीस?”

“सवय आहे,” ती म्हणाली. “आणि शिव्या नाही. सूचना.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. कल्पना बायकोची होती. ज्या आवाजाने हात उचलला तोच आवाज रोज घरी ऐकला तर त्याची भीड चेपेल, असं तिचं म्हणणं. चार कप म्हणजे बचावपटू, मिठाची बरणी म्हणजे गोलरक्षक, लिंबू म्हणजे चेंडू, आणि चमचे म्हणजे समोरून येणारे खेळाडू. चमचे हलवायचं काम नातीकडे होतं. त्यासाठी तिला आधी ऑफसाइड शिकवणं भाग होतं.

“हे बघ,” ओळंबा म्हणाला, “चेंडूला लाथ बसली, त्या क्षणी डोळ्यांनी फोटो काढायचा. फोटोत आपला चमचा शेवटच्या कपाच्या पुढे दिसला तर ऑफसाइड. बरोबरीत असला तर चालतो.”

“आणि नंतर पुढे गेला तर?”

“नंतर कितीही पळू दे. फोटो लाथेच्या वेळचा.”

नातीने दोन-तीनदा चमचा पुढे-मागे केला. तिला समजलं. मग तिने विचारलं, “पण हा तर आपला चमचा आहे ना? मग त्याला थोडं पुढे उभं राहू द्यायचं.”

“मग कपाने काय करायचं?”

“कपाने पण थोडं मागे जायचं.”

“मग चमचा आणखी पुढे जाईल.”

नात विचार करायला लागली. तिने कप मागे नेला, चमचा पुढे नेला, कप मागे, चमचा पुढे, असं करता करता कप टेबलाच्या कडेवरून पडता पडता बायकोने झेलला.

“असा खेळ संपतो,” ओळंबा म्हणाला.

मग नात लिंबू ढकलायची, चमचा पळवायची, आणि बायको मागे उभी राहून परात वाजवत ओरडायची. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी त्याचा हात चुकला. परात वाजली की हात वर. दुसऱ्या दिवशी शेजारीण दार ठोठावून विचारायला आली, “वहिनी, सगळं ठीक आहे ना?” आणि बायको आतून शिंप्याच्या आवाजात म्हणाली, “डांबर घातलंय डोळ्यांत.” शेजारीण तशीच परत गेली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओळंब्याला एक गोष्ट कळली. सगळं एकदम ऐकलं की तो एक मोठा आवाज होतो आणि हात उचलतो. पण त्यातला एकेक धागा ओढला, हा शिंपी, हा न्हावी, हा दूधवाला, की तो उसवत जातो आणि नुसती माणसं उरतात. सकाळी ‘बरं आहे ना’ विचारणारी, जिंकायची हौस असलेली माणसं. माणसाचं ऐकून घेता येतं. ऐकून घेतलं म्हणजे मानलंच पाहिजे असं थोडंच आहे?

हत्तीचं धडही तोवर तयार झालं होतं. टेबलाखाली उभा होता, पिंपाएवढा, सोंड पन्हळीची. “कान कुठे आहेत?” नातीने विचारलं.

“कान शेवटी बसवायचे,” तो म्हणाला.

शेवटचा सामना घरच्याच मैदानावर होता. जिंकलं तर गावाचा संघ वरच्या लीगमध्ये जाणार होता. बरोबरी झाली तरी आहे तिथेच राहणार. असा सामना त्या गावाने पूर्वी कधी पाहिला नव्हता, म्हणून चालता येणारा प्रत्येक जण आला होता. चिटणीस कपडे बदलायच्या खोलीत येऊन ओळंब्याशेजारी बसले.

“मी काही म्हणत नाही,” ते म्हणाले. “फक्त एवढंच, शंका आली की झेंडा खाली.”

“आणि शंका नसली तर?”

“शंका असतेच हो माणसाला,” चिटणीस म्हणाले आणि त्याच्या खांद्यावरचं नसलेलं कुसळ झटकून निघून गेले.

पूर्वार्धात पलीकडच्या रेषेवरल्या पाहुण्यांच्या लाइन्समनने रीतीप्रमाणे आपल्या बाजूने एक-दोन झेंडे सढळ हाताने वर केले. गावाचा जीव खालीवर झाला. त्यांच्याने त्यांचं काम केलं, आता आपल्याने करावं. ओळंब्याच्या पाठीला पुन्हा ती भट्टीची धग लागली. त्याने धागे ओढायला सुरुवात केली. हा न्हावी. हा दूधवाला. ही चुकीची कलमं, म्हणजे चिटणीस.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा शिंपी बाकावर चढून ओरडत होता, “ए ओळंब्या, उद्या माझ्या घरी ये. चहा पाजतो आणि चष्मापण देतो.”

ओळंबा वळला. नेहमीसारखा हात केला आणि म्हणाला, “येतो. साखर कमी.”

स्टँड गप्प झाला. इतक्या वर्षांत या माणसाने उत्तर दिलं नव्हतं. भिंतीवर चेंडू मारत राहावं आणि एक दिवस भिंतीने परत लाथ मारावी, तसं झालं. मग वरच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू खालपर्यंत घरंगळत आलं. शिंपी बाकावरून उतरला, बसला, आणि शेजाऱ्याला म्हणाला, “ऐकू येतं की याला.”

शेजारी म्हणाला, “मग आजवरचं पण ऐकलं असेल.” त्यानंतर त्या रांगेत बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

उत्तरार्ध संपत आला तरी गोल झाला नव्हता. शेवटची काही मिनिटं उरली असताना आपल्या मधल्या फळीतल्या खेळाडूच्या पायात चेंडू आला. त्याने मान वर केली. सगळं मैदान श्वास रोखून होतं, आणि त्या शांततेत ओळंब्याला लाथेचा आवाज ऐकू आला. धप्प. स्वच्छ, जाड पत्र्यावर लाकडी हातोडी बसते तसा. त्या आवाजावर त्याने डोळ्यांनी फोटो काढला. फोटोत आपला पुढचा खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या अर्धं पाऊल पुढे होता.

खेळाडू पळाला. गोलरक्षकाला चकवलं. चेंडू जाळ्यात गेला.

मागे जे झालं त्याला आवाज म्हणणं कमीच. बाक हलत होते. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले होते. आणि मग एकेकाची नजर रेषेकडे वळली, त्याच्या उजव्या हाताकडे. “नको रे,” शिंपी म्हणाला. ओरडला नाही, म्हणाला. “गप राहा बाबा आजच्या दिवस,” न्हावी म्हणाला. दूधवाल्याने दोन्ही हात जोडले होते ते त्याला न बघताही समजलं. आणि या सगळ्यांच्या वरून, घसा फाटेपर्यंत ताणलेला, घरात रोज गाणं गुणगुणणारा आवाज आला: “अहो, राहू द्या हो. अहो, खाली राहू द्या.”

ओळंब्याने सगळ्यांचं ऐकलं. एकेकाचं, नावानिशी. मग त्याने आपल्या हाताकडे लक्ष दिलं. कोपराला कोणी धरलेलं नव्हतं. हात त्याचाच होता.

त्याने झेंडा वर केला.

सामना बरोबरीत सुटला. पंधरा-वीस मिनिटं ओळंबा रेषेवर उभा राहिला आणि गावाने त्याला जे काही म्हणायचं होतं ते म्हणून घेतलं. त्याने पाठ फिरवली नाही. काही चांगल्या नव्या गोष्टी त्यात होत्या, त्या त्याने लक्षात ठेवल्या. शेवटी त्याने नेहमीसारखा स्टँडला हात केला. आपण कोणाला हात करतोय आणि ते काय म्हणतायत, हे या वेळी त्याला पुरतं माहीत होतं.

नात गर्दीतून वाट काढत धावत आली. “आजोबा, तो पुढे होता. मी फोटो काढला. एक कप पुढे होता.”

“अर्धा कप,” ओळंबा म्हणाला. पण त्याचा चेहरा इतका उजळला, की बाजूने जाणाऱ्या शिंप्याने थांबून पाहिलं.

“उद्या तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही,” शिंपी म्हणाला. दोन पावलं पुढे जाऊन तो पुन्हा वळला. “पण चहा ठेवीन. साखर कमी ना?”

“कमी.”

संध्याकाळी बूट दाराबाहेर निघाले. झेंडा खुंटीला लागला. तो आता तिथेच राहणार होता. गुडघ्यांना मलम चोळून झालं. टेबलाखालचा हत्ती वर घेऊन ओळंब्याने त्याला दोन्ही कान बसवले, सुपाएवढे, आणि रिव्हेट ठोकून पक्के केले. मग हात धुऊन तो जेवायला बसला. बायकोने ताट समोर ठेवलं.

“आज काय म्हणत होते लोक?” त्याने विचारलं.

बायकोने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता. तिने खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. मग ती ताटावरून त्याच्या दिशेने वाकली आणि जेमतेम ओठ हलवत कुजबुजली. गेल्या महिन्यापर्यंत त्याला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नसतं.

“म्हणत होते, माणूस डोळ्यांत तेल घालून उभा असतो.”

“हो,” ओळंबा म्हणाला आणि पहिला घास घेतला. “ऐकलं मी.”